जाड अस्तराचा क्लेम पुन्हा परत आला? कोड बदलण्याआधी हे बघा

अमेरिकेतल्या गायनॅक क्लिनिकचे चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी, ज्यांच्या रांगेत पडतात आणि विम्याच्या क्लेमवर निदानाचे कोड लावणं ज्यांचं काम आहे, त्या मेडिकल कोडरसाठी हे लिहितोय. पुण्यात रात्रपाळीला बसून सात वर्षं हेच काम केलंय, आणि एक डिनायल, म्हणजे क्लेम नाकारला जाणं, असा आहे की टीम बदलली, क्लायंट बदलला, तरी तो पाठ सोडत नाही. गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं म्हणून सोनोग्राफी किंवा बायोप्सी झाली, क्लेम गेला आणि परत आला.

दुखणं ओळखायचं कसं? ईआरएमध्ये, म्हणजे पेयरकडून (विमा देणाऱ्याकडून) येणाऱ्या हिशेबात, सीओ-११ येतो, म्हणजे निदान आणि प्रोसिजर जुळत नाही. सीओ-५० येतो, म्हणजे पेयरला वैद्यकीय गरज पटलेली नाही. कधी सीओ-१४६ येतो: त्या तारखेला हा निदान कोड चालत नव्हता. कधी क्लेम पेयरपर्यंत पोचतच नाही, मध्ये तपासणी करणारं क्लिअरिंगहाउसच निदान कोड चुकीचा म्हणून परत फेकतं. आणि एक प्रकार असा की पैसे मिळतात, सगळं सुरळीत दिसतं, आणि सहा महिन्यांनी ऑडिटमध्ये तुमच्या नावापुढे लाल खूण येते. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तोवर तीच चूक शेकडो चार्टवर झालेली असते. माझ्या पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. 'थिकन्ड' दिसलं की मी डोळे मिटून एन८५.०० (हायपरप्लासिया, म्हणजे अस्तराच्या पेशींची बेसुमार वाढ) लावायचो. एकही डिनायल आलं नाही, म्हणून वाटलं बरोबर चाललंय.

पुढची क्रमवारी मुद्दाम स्वस्तापासून महागाकडे लावली आहे. पहिल्या दोन गोष्टींना पाच मिनिटं लागत नाहीत, आणि बरेच क्लेम तिथेच सुटतात.

आधी कोड जिवंत आहे का ते बघा

आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या निदान कोडांच्या पुस्तकाच्या, इंडेक्समध्ये थिकनिंग, त्याखाली एंडोमेट्रियम बघितलं की आर९३.८९ मिळतो. हा कोड १ ऑक्टोबर २०१८ पासून आहे. त्याआधी नुसता आर९३.८ चालायचा. मग वृषणाच्या इमेजिंगसाठी वेगळे कोड आले, आर९३.८ फुटला आणि बाकी सगळं आर९३.८९ मध्ये गेलं. क्लिनिकच्या जुन्या फेव्हरिट लिस्टमध्ये, कुणीतरी कधीकाळी बनवलेल्या सुपरबिलमध्ये (छापील कोडयादीत) आर९३.८ अजून सापडतो. तो अर्धवट कोड आहे, जाणारच नाही. तीच गत एन८५.० ची. शेवटचा आकडा नसेल तर तो नुसता मथळा आहे, कोड नाही.

आपल्याकडच्या मुलांची एक खास चूक इथे सांगतो. भारतातल्या हॉस्पिटलच्या एमआरडीत (रेकॉर्ड विभागात) काम करून आलेल्यांच्या डोक्यात डब्ल्यूएचओचं आयसीडी-१० पक्कं बसलेलं असतं. त्यात एन८५.० म्हणजे ग्लँड्युलर हायपरप्लासिया आणि एन८५.१ म्हणजे अडिनोमॅटस. अमेरिकेच्या सीएममध्ये एन८५.१ नाहीच. तिथे एन८५.०० अनस्पेसिफाइड, एन८५.०१ बिनाइन आणि एन८५.०२ ईआयएन, म्हणजे पेशींत विकृती आलेला प्रकार. नाव सारखं म्हणून पुस्तक एकच असं समजू नका.

दुसरी चूक एन८५.२ ची. तो 'हायपरट्रॉफी ऑफ युटेरस' आहे. 'बल्की युटेरस' लिहिलं असेल तर तिथे जायचं. तिथे अख्खं गर्भाशय मोठं झालेलं असतं; इथे फक्त आतलं अस्तर जाड आहे. पिशवी फुगणं वेगळं, तिचं आतलं कापड जाड होणं वेगळं.

कोड बघताना तारीख सर्व्हिसचीच धरा, क्लेम पाठवल्याची नको. १ ऑक्टोबरच्या आसपासचे चार्ट म्हणूनच अडकतात.

मग पॉइंटर

सीएमएस-१५०० या क्लेम फॉर्मच्या २१ व्या चौकटीत बारा निदानं बसतात, ए ते एल अशी अक्षरं लावून. आणि २४ई मध्ये प्रत्येक प्रोसिजरच्या ओळीला त्यातली जास्तीत जास्त चार जोडता येतात; या जोडणीलाच पॉइंटर म्हणतात. निदान बरोबर आणि जोडणी चुकीची, असा क्लेम मी दर आठवड्याला बघतो. ५८१०० ही एंडोमेट्रियल बायोप्सी, पण तिच्या ओळीला पॉइंटर वार्षिक तपासणीच्या झेड कोडचा. कारण व्हिजिट त्यासाठी होती आणि सॉफ्टवेअरने सगळ्या ओळींना 'ए' चिकटवून टाकला. पेयरला दिसतं ते इतकंच की निरोगी बाईची बायोप्सी केली. सीओ-११ येणारच. इथे कोड बदलायचा नाही, बाण बदलायचा.

आता रिपोर्ट, शब्दाला शब्द

खरा घोळ इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ काढा.

'थिकन्ड एंडोमेट्रियम' हे डोळ्याला दिसलेलं आहे. प्रोबच्या पडद्यावर एक पांढरी पट्टी दिसते, तिची जाडी मोजली जाते. 'हायपरप्लासिया' हे पेशींबद्दलचं विधान आहे, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा गेल्याशिवाय करता येत नाही. पट्टी जाड दिसते ती पॉलिपमुळे, हार्मोनच्या गोळ्यांमुळे, स्तनाच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेनमुळे, आत साचलेल्या रक्तामुळे, कर्करोगामुळे, आणि पाळी असलेल्या बाईत महिन्याच्या नेहमीच्या चक्रामुळेसुद्धा. म्हणून सोनोग्राफीच्या जोरावर आर९३.८९, एन८५.०० नाही. एन्कोडरमध्ये (कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'एंडोमेट्रियम' टाइप केलं की हायपरप्लासिया वर येतो आणि हात आपोआप तिकडे जातो. माझा जायचा.

नुसता आकडा असेल तर? 'एंडोमेट्रियल स्ट्राइप १४ मिमी' इतकंच लिहिलंय, पुढे काही नाही. इथे कोड लावायचा नाही. पाळी येणाऱ्या बाईत पाळी संपल्यावर अस्तर दोन-चार मिलिमीटर असतं आणि चक्राच्या उत्तरार्धात सोळापर्यंत जाऊ शकतं, तेही नॉर्मलच. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या बाईत मात्र डॉक्टर चारच्या वर गेलं की पुढची तपासणी सांगतात. चौदा जाड की नाही हे ठरवणं आपलं काम नाही, डॉक्टरांचं आहे. रेडिऑलॉजिस्टने किंवा गायनॅकने 'जाड' हा शब्द लिहिला पाहिजे. आपण आकड्यावरून शब्द बनवला तर तो आपल्या घरचा झाला.

मग ते ओळखीचे, अंदाज सांगणारे टेकू: 'सस्पीशियस फॉर', 'प्रॉबेबल', 'रूल आउट', 'कन्सिस्टंट विथ'. आउटपेशंटमध्ये (दाखल न झालेल्या पेशंटमध्ये) यातलं काहीही निदान म्हणून कोड होत नाही. ऑफिशियल गाइडलाइन्सच्या चौथ्या विभागात हे स्पष्ट आहे: जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढंच, म्हणजे लक्षण किंवा दिसलेली खूण. इनपेशंट टीममधून बदली होऊन आलेले लोक इथे हमखास अडखळतात, कारण तिथला नियम उलटा आहे. हॉस्पिटलच्या इनपेशंट कोडिंगमध्ये डिस्चार्जच्या वेळी राहिलेलं 'प्रॉबेबल' हे असल्यासारखंच कोड होतं. खुर्ची बदलली की ही सवय आधीच्या खुर्चीवर ठेवून यायची.

बायोप्सीचा रिपोर्ट कधी आला?

एक चार्ट डोळ्यासमोर आहे. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, दोन दिवस डाग लागले म्हणून आली. सोनोत नऊ मिलिमीटर, शेरा 'थिकन्ड'. डॉक्टरांनी लिहिलं, 'लाइकली हायपरप्लासिया, ईएमबी टुडे.' (ईएमबी म्हणजे अस्तराची बायोप्सी.) आमच्यातल्या एकाने एन८५.०० लावून क्लेम तयार केला. पाच दिवसांनी पॅथॉलॉजी आली: निष्क्रिय अस्तर, सौम्य पॉलिपचे तुकडे. हायपरप्लासिया कुठेच नाही. क्लेम तेव्हा गेला असता तर तिच्या नावावर नसलेला आजार कायमचा बसला असता. पेशंट पोर्टलवर तिला तो दिसला असता, आणि तिने तो रात्री अकरा वाजता गूगल केला असता.

म्हणून चार्टमध्ये आधी हे शोधा: कोड करताना अंतिम पॅथॉलॉजी रिपोर्ट हाताशी होता का? आउटपेशंटमध्ये पॅथॉलॉजिस्टने सही केलेला अंतिम रिपोर्ट असेल तर त्यातलं पक्कं निदान घ्यायचं, आणि त्या निदानाचाच भाग असलेली लक्षणं पुन्हा लावायची नाहीत. रिपोर्ट नसेल तर रक्तस्राव आणि आर९३.८९, बस. काही क्लिनिक बायोप्सीचे क्लेम पॅथॉलॉजी येईपर्यंत थांबवतात, काही नाही थांबवत. दोन्ही चालतं, फक्त तुमच्या क्लायंटची पद्धत एकच असायला हवी. अर्धे क्लेम असे आणि अर्धे तसे गेले की ऑडिटरच्या नजरेत भरतं.

रिपोर्ट वाचताना 'प्रोलिफरेटिव्ह एंडोमेट्रियम' या शब्दावर घसरू नका. ऐकायला हायपरप्लासियाचा भाऊ वाटतो, पण ती पाळीच्या पूर्वार्धातली सरळसाधी अवस्था आहे. 'विदाउट अटिपिया' (पेशींत विकृती नाही) असं स्पष्ट लिहिलं असेल तर एन८५.०१, सिंपल असो की कॉम्प्लेक्स, दोन्ही तिथेच. अटिपिया असेल किंवा ईआयएन म्हटलं असेल तर एन८५.०२. तुकड्यात कर्करोग निघाला तर सी५४.१, आणि त्यासोबत एन८५.०२ जात नाही, एक्सक्लूड्स-१ (दोन कोड एकत्र न लावण्याची खूण) आहे. 'इनसफिशियंट टिश्यू' आलं तर काहीच सिद्ध झालेलं नाही. परत रक्तस्राव आणि आर९३.८९ वर या.

पॉलिपबद्दल एवढंच: एन८४.० आणि एन८५.०- यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी एक्सक्लूड्स-१ आहे. दोन्ही लावले की एडिट (सॉफ्टवेअरची आपोआप तपासणी) पेटतो. रिपोर्टमध्ये दोन्ही खरोखर वेगवेगळे असतील तर स्वतः ठरवू नका, सीनियरकडे न्या.

रक्तस्राव आणि वय

बायोप्सीची गरज पेयरला बहुतेक वेळा जाडीपेक्षा रक्तस्रावाने जास्त पटते. चार्टमध्ये रक्तस्राव आहे, डॉक्टरांनी तोच भेटीचं कारण म्हणून लिहिलाय, आणि क्लेमवर फक्त आर९३.८९ आहे, असं झालं तर सीओ-५० आलं म्हणून तक्रार करायला जागा नाही. भेटीचं कारणच रक्तस्राव असेल तर तो पुढे आणि जाडी मागे.

कुठला रक्तस्राव, तर: पाळी पूर्ण गेल्यावर असेल तर एन९५.०. पाळी नियमित पण जास्त, तर एन९२.०. अनियमित आणि जास्त, तर एन९२.१. पाळी जायच्या उंबरठ्यावरचा जास्त रक्तस्राव, तर एन९२.४. एन९२ च्या घरात एन९५.० ला बंदी आहे, दोन्ही एका क्लेमवर आले म्हणजे कुणीतरी चार्ट नीट वाचलेला नाही. एक चार्ट आठवतो, छत्तीस वर्षांच्या बाईला एन९५.० लावलेला. टेम्प्लेटमध्ये आधीच्या पेशंटचं 'पोस्टमेनोपॉजल' तसंच राहून गेलं होतं, आणि दोघांनी ते वाचूनही पुढे ढकललं होतं. वय आणि शेवटच्या पाळीची तारीख बघायला दहा सेकंद लागतात.

टॅमॉक्सिफेनवर असलेल्या बाईत झेड७९.८१० विसरू नका. स्तनाच्या कर्करोगावर उपचार अजून चालू आहेत की तो आता इतिहास आहे, म्हणजे सी५० की झेड८५.३, हे नोटवरून ठरतं. जाडी गोळीमुळेच आहे असं डॉक्टरांनी स्वतः लिहिलं असेल तरच अ‍ॅडव्हर्स इफेक्टचा टी३८.६एक्स५- आणायचा. आपल्याला माहीत आहे की टॅमॉक्सिफेनने अस्तर जाड होतं. पण आपल्याला माहीत असणं म्हणजे चार्टमध्ये असणं नव्हे.

पेयरची पॉलिसी

इथवर सगळं बरोबर निघालं तरच हे उघडा. मेडिकेअरचा (सरकारी विम्याचा) क्लेम असेल तर त्या भागातल्या मॅकची (मेडिकेअरचे क्लेम बघणाऱ्या कंत्राटदाराची) एलसीडी, म्हणजे स्थानिक कव्हरेज नियमावली, आहे का बघा, कमर्शियल असेल तर त्यांची मेडिकल पॉलिसी. त्यात प्रोसिजरखाली चालणाऱ्या निदानांची यादी असू शकते. यादी वाचायची ती समजून घ्यायला. यादीतला एखादा कोड उचलून चार्टवर बसवायला नाही. हा फरक नवीन माणसाला सांगावा लागतो, कारण टीम लीड टार्गेटच्या ताणात कधी कधी उलटंच सांगतो.

डॉक्टरांना विचारणं

हे महाग आहे. क्वेरीचं (डॉक्टरांना लेखी विचारलेल्या प्रश्नाचं) उत्तर यायला दिवस जातात, टर्नअराउंड बिघडतो आणि डॉक्टर वैतागतात. पण चार्ट दोन तोंडांनी बोलत असेल, म्हणजे सोनोत 'जाड', असेसमेंटमध्ये 'हायपरप्लासिया' आणि बायोप्सी अजून झालेलीच नाही, तर दुसरा मार्ग नाही.

क्वेरीत आपलं उत्तर घुसवायचं नाही. 'हायपरप्लासिया कोड करायचा का?' असं विचारलं की उत्तर 'हो' येणार, आणि ऑडिटमध्ये ती क्वेरीच तुमच्या विरोधात उभी राहणार. मी साधारण असं लिहितो: "सोनोग्राफी अहवालात एंडोमेट्रियम ९ मिमी, जाड अशी नोंद आहे. असेसमेंटमध्ये हायपरप्लासिया अशी नोंद आहे. पॅथॉलॉजी उपलब्ध नाही. कृपया या भेटीतील निदान आपल्या क्लिनिकल मतानुसार स्पष्ट करावे." पाठवताना अर्थात इंग्रजीत. खाली पर्याय द्यायचे तर सगळे वाजवी पर्याय द्यायचे, 'इतर' आणि 'ठरवता येत नाही' यांच्यासकट. आणि पैशाचा उल्लेख एका अक्षरानेही नाही.

उत्तर अडेंडम (पुरवणी नोंद) म्हणून चार्टमध्ये आलं पाहिजे. टीम्स चॅटवर आलेलं 'यस गो अहेड' हे डॉक्युमेंटेशन नाही.

परत पाठवताना

कमर्शियल पेयरकडे दुरुस्त क्लेम फ्रीक्वेन्सी कोड ७ ने, म्हणजे आधीच्या क्लेमच्या जागी असं सांगून, जातो, २२ व्या चौकटीत मूळ क्लेम नंबर टाकून. तो नंबर विसरला तर डुप्लिकेट म्हणून उडतो, आणि मग आपण आठवडाभर भलत्याच डिनायलच्या मागे धावतो. मेडिकेअर पार्ट बी हे ७ घेत नाही. तिथे एमए१३० (माहिती अपुरी किंवा चुकीची) आला असेल तर क्लेम प्रोसेसच झालेला नाही, नवा पाठवा. प्रोसेस होऊन नाकारला असेल आणि चूक कारकुनी असेल तर रीओपनिंग (निर्णय पुन्हा उघडून दुरुस्ती) मागायचं. आणि चूक नाहीच, चार्ट आपल्या बाजूचा आहे, तर रीडिटर्मिनेशन, म्हणजे पहिलं अपील. त्याला निर्णयाची नोटीस मिळाल्यापासून १२० दिवस असतात. अपील करताना सोनोचा रिपोर्ट, व्हिजिट नोट आणि पॅथॉलॉजी, तिन्ही जोडा. नुसतं पत्र पाठवलं तर नुसतंच पत्र परत येतं.

कुठे थांबायचं

कोड बदलल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत आणि चार्ट तो कोड देत नाही, असं लक्षात आलं की कीबोर्डवरून हात काढा. चार्टमध्ये नसलेलं निदान सरकारी पेयरला पाठवणं अमेरिकेत फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टखाली येतं, आणि 'लीडने सांगितलं' हे तिथे उत्तर नाही. क्लेम ऑडिटरकडे द्या, लेखी द्या.

एकच डॉक्टर प्रत्येक जाड अस्तराला बायोप्सीआधी हायपरप्लासिया लिहितोय असं दिसलं तर ती कोडिंगची अडचण उरत नाही. दोन-तीन क्वेऱ्यांनंतरही तेच चालू असेल तर कंप्लायन्सकडे न्यायचं. आपण वैयक्तिक मेल करून डॉक्टरांना शिकवायला जायचं नाही. एन८५.०२ आणि सी५४.१ यांच्यात रिपोर्टची भाषा धूसर असेल तर तिथेही थांबा. सीनियर आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्याशिवाय तो कोड कुणी लावू नये, मी पण लावत नाही.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतःचा किंवा आईचा रिपोर्ट घेऊन इथे आलं असेल, तर कोडवरून काही ताडू नका. आर९३.८९ हा फक्त 'इमेजिंगमध्ये काहीतरी वेगळं दिसलं' इतकंच सांगतो. पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी गायनॅककडे जा, याच आठवड्यात.

खाली लिहिताना पेशंटचं नाव, जन्मतारीख, क्लेम नंबर यातलं काही टाकू नका. डिनायल कोड, प्रोसिजर आणि रिपोर्टमधले नेमके शब्द एवढं पुरतं. शिफ्ट संपल्यावर, साडेचारच्या कॅबनंतर बघतो.